धनेश, दयाळ, ऊर्ज : मुलासाठी आणि गोष्टीतल्या पात्रासाठी निसर्गातलं नाव कसं शोधावं

बाळाच्या नावांची कुठलीही यादी उघडा. पहिल्याच पानावर आरव, अर्णव, विहान भेटतात आणि अर्थाच्या रकान्यात ‘तेजस्वी’, ‘श्रीविष्णूचे एक नाव’ नाहीतर ‘सूर्याचा किरण’ असतं. अर्णव म्हणजे समुद्र. नाव सुरेखच आहे, पण एका वर्गात तीन अर्णव आले की बाई त्यांना आडनावाच्या अक्षरावरून हाक मारायला लागतात आणि समुद्र बिचारा ‘अर्णव के.’ होऊन बसतो.

हा लेख दोघांसाठी आहे. एक, ज्यांच्या घरी बारसं तोंडावर आलंय. दुसरे, ज्यांची गोष्ट नायकाला नाव नाही म्हणून तिसऱ्या पानावर अडलीय. सुरुवातीचं काम दोघांचं सारखंच, पुढे वाटा वेगळ्या होतात. माझं मत आधीच सांगतो. निसर्गातलं नाव ठेवायचं तर ती गोष्ट तुम्ही पाहिलेली, निदान पाहता येण्यासारखी हवी. नाहीतर ‘निसर्ग’ फक्त अर्थाच्या रकान्यात राहतो.

पहिलं काम : यादी बंद करून कागद घ्या

कागदावर दोन गोष्टी लिहा. बाळ कुठे जन्मलं आणि कधी जन्मलं.

‘कुठे’मध्ये गावाचं नाव नको. घरासमोरचं झाड, वाटेवरचा ओढा, खिडकीतून दिसणारा डोंगर, पहाटे ओरडणारं पाखरू लिहा. पुण्या-मुंबईच्या सोसायटीतही बहावा, शिरीष, ताम्हण, सप्तपर्णी असतातच. फेब्रुवारी-मार्चमध्ये घाटातून गेलात तर पानं झडलेला पळस पेटलेला दिसतो. त्या दिवसांतल्या मुलाला पलाश म्हणता येईल. पलाश आता बऱ्यापैकी ऐकू येतं, म्हणून त्याच झाडाचं दुसरं संस्कृत नाव घ्या : किंशुक. शिरीष जुनं वाटतं, कारण साठ-सत्तरच्या दशकात ते खूप ठेवलं गेलं. पण एक फेरी सुटलेलं नाव परत आणायला हरकत काय? शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात, तो आवाज एकदा मुलाला ऐकवलात की पुन्हा अर्थ सांगावा लागत नाही.

‘कधी’मध्ये तर खजिनाच आहे आणि तो कुणी फारसा उघडत नाही. चैत्र-वैशाख ही नावं नक्षत्रांवरून आली. त्याआधीची वैदिक नावं ऋतूंवरून होती. वसंताचे दोन महिने मधु आणि माधव, ग्रीष्माचे शुक्र आणि शुचि, वर्षेचे नभस आणि नभस्य, शरदाचे इष आणि ऊर्ज, हेमंताचे सह आणि सहस्य, शिशिराचे तप आणि तपस्य. चैत्र म्हणजे मधु इथपासून फाल्गुन म्हणजे तपस्य इथपर्यंत क्रमाने लावत जा. बाळ श्रावणातलं असेल तर नभस, भाद्रपदातलं असेल तर नभस्य, कार्तिकातलं असेल तर ऊर्ज, फाल्गुनातलं असेल तर तपस्य. माधव सोडला तर यातलं एकही नाव शेजारच्या इमारतीत सापडणार नाही. सगळी चालतील असं मात्र नाही. शुक्र शाळेत सातवी-आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकापर्यंतच सुखाने राहील. सहस्यला लोक ‘सदस्य’ म्हणतील. ऊर्ज ठेवलंत तर फोनवरचा माणूस ‘ऊर्जा? मुलीचं नाव ना?’ असं विचारणार, एवढी तयारी ठेवा. मला स्वतःला नभस्य आणि ऊर्ज ही दोन्ही आवडतात.

पावसाळ्यातल्या बाळासाठी शेतकऱ्याचं पंचांगही आहे. जुलैच्या सुरुवातीला सूर्य पुनर्वसू नक्षत्रात जातो. त्या पावसाला ‘तरणा पाऊस’ म्हणतात आणि पुढच्या पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’. पुनर्वसू हे मुलाचं नाव म्हणून भारदस्त आहे, आयुर्वेदाच्या परंपरेत आत्रेय पुनर्वसू हे आचार्यही आहेत, आणि घरात ‘वसू’ म्हणून हाक मारायची सोय आहे.

दुसरं काम : पाखरांकडे बघा

मुलाला पक्ष्याचं नाव म्हटलं की लोक मयूर, हंस आणि गरुडाच्या पुढे जात नाहीत. मराठीत मात्र अशी काही पाखरं आहेत ज्यांची नावं आधीपासूनच माणसांची आहेत.

धनेश घ्या. तुमच्या ओळखीत एखादा धनेश असेल आणि आईवडिलांनी कुबेर डोळ्यांसमोर ठेवून नाव ठेवलं असेल. पण सह्याद्रीत धनेश म्हणजे मोठ्या चोचीचा, उडताना पंखांचा घसघस आवाज करणारा पक्षी. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि नर दिवसामागून दिवस त्या फटीतून तिला आणि मग पिल्लांना फळं भरवत राहतो. बाप म्हणून आदर्श घ्यायचा तर कुबेरापेक्षा हा बरा.

दयाळही तसाच. काळापांढरा, शेपटी वर केलेला, उन्हाळ्यात अंधार सरायच्या आधी शेंड्यावर बसून शीळ घालणारा. भारद्वाज म्हणजे ऋषी आणि भारद्वाज म्हणजे तो विटकरी पंखांचा, कुंपणाच्या आडोशाने ‘कूप कूप’ करत चालणारा पक्षी; सकाळी दिसला तर दिवस चांगला जातो असं घरोघरी मानतात. राघू तर आहेच, तारेवर बसून माश्या पकडणारा वेडा राघूसुद्धा. खंड्या हे खंडूचं लाडकं रूप वाटतं, पण आपल्या ओढ्यावरचा निळा मासेमार तोच. धनेश आणि दयाळ मुलाला खुशाल ठेवा. खंड्या गोष्टीसाठी राखून ठेवा.

यादीत अजिबात न सापडणारं नाव हवं असेल तर हारीत. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, म्हणजे पिवळ्या पायांचं हिरवं कबुतर. हिरव्या कबुतराला संस्कृतात हारीत म्हणतात. याच नावाचे एक स्मृतिकारही होऊन गेले, त्यामुळे आजोबांनाही आक्षेप घेता येणार नाही. वड-पिंपळ पिकले की त्यांवर हरियालांचा थवा उतरतो आणि पानांत असा मिसळतो की फळं खाली पडायला लागल्यावरच कळतं.

तिसरं काम : शब्दांची कुळं ओळखा

संस्कृतात पाण्याचे शब्द ढीगभर : जल, नीर, तोय, वारि, अंबु, पय. त्यांना शेवटी ‘ज’ लावला की पाण्यात जन्मलेलं, म्हणजे कमळ. ‘द’ लावला की पाणी देणारा, म्हणजे ढग. ‘धि’ लावला की पाण्याचा साठा, म्हणजे समुद्र. नीरज, जलज, अंबुज, वारिज. नीरद, जलद, तोयद, अंबुद, वारिद, पयोद. जलधि, वारिधि, अंबुधि, पयोधि. दोन मिनिटांत डझनभर नावं हाती आली. नीरज घराघरांत आहे, नीरद क्वचित, तोयद जवळजवळ नाहीच. जलद टाळा, मराठीत ती लोकल आहे. आणि हा खेळ खेळताना कुणी ‘पयोधर’वर पोचलं तर तिथेच थांबा. त्याचा अर्थ ढग होतो हे खरं, पण स्तन असाही होतो आणि कवींनी दुसराच अर्थ जास्त वापरलाय.

अशी कुळं स्वतः शोधायची असतील तर अमरकोश, म्हणजे अमरसिंहाचा संस्कृत समानार्थी शब्दांचा जुना कोश, हाताशी ठेवा. त्याची मांडणी अक्षरांवर नाही, विषयांवर आहे. आकाशासाठी व्योमवर्ग, काळासाठी कालवर्ग, पाण्यासाठी वारिवर्ग, डोंगरांसाठी शैलवर्ग, झाडांसाठी वनौषधिवर्ग, प्राण्यांसाठी सिंहादिवर्ग. संस्कृत येत नसलं तरी मराठी अर्थासह छापलेली आवृत्ती घेऊन बोट फिरवता येतं. अमरसिंहाने नावांची यादी करायला हा ग्रंथ रचला नव्हता, पण बारशाआधीच्या आठवड्यात याहून उपयोगी पुस्तक नाही.

चौथं काम : अर्थ कोशात बघा, मग गल्लीत बघा

संकेतस्थळांवर दिलेला अर्थ खरा धरू नका. संस्कृत शब्द असेल तर आपट्यांचा कोश, मराठी असेल तर मोल्सवर्थ किंवा दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. तिन्ही आता इंटरनेटवर फुकट चाळता येतात. मंदार आणि मंदर यांची गल्लत तिथे लगेच सुटते : मंदार हे झाड, समुद्रमंथनाचा डोंगर तो मंदर.

कोशात पास झालेलं नाव गल्लीत नापास होऊ शकतं. ‘नग’ म्हणजे पर्वत, जो हलत नाही तो. पण मराठी माणूस ‘काय नग आहे!’ कुणाला म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे. ‘अर्क’ म्हणजे सूर्य आणि रुईसुद्धा. ‘पोरगं पक्कं अर्क आहे’ हे वाक्य मग रोज ऐका. शंख, चंपक यांचीही तीच कथा. तमाल हा काळसर, देखणा वृक्ष, कवी कृष्णाच्या रंगाला त्याची उपमा देतात. शाळेत मात्र त्याचं तमालपत्र होईल आणि डब्यातल्या मसालेभातातून मुलं ते शोधून काढतील. गोव्यात कदंब हे राजघराण्याचं नाव, पण तिथल्या सरकारी बसचंही तेच, त्यामुळे बसस्टँडवर कुणी ‘ए कदंब’ म्हणालं तर पणजीची गाडी लागली का बघायला माना वळतील. ‘श्येन’ म्हणजे ससाणा. फार सुंदर शब्द. य एकदा घाईत गिळला गेला की उरतं शेण. हे नाव लहान मुलाला देऊ नका, हात जोडून सांगतो.

पाचवं काम : ‘या’ लावून हाक मारा

मराठीत मुलाचं नाव जसंच्या तसं कुणी घेत नाही. मैदानावर त्याला ‘या’ लागणारच. म्हणून कागदावरचं प्रत्येक नाव मोठ्याने, दुसऱ्या मजल्यावरून खाली हाक मारावी तसं, ‘या’ लावून म्हणून बघा. पलाश : पल्या. ठीक. किंशुक : किश्या, चालेल. नभस्य : नभ्या, छान. शार्दूल : शार्दुल्या, वाघाचं मांजर होतं पण गोड होतं. किसलय म्हणजे कोवळं पान. त्याचा किसल्या झाला की कुणीतरी विचारणार, गाजर की खोबरं? किसलय बाद करा असं म्हणत नाही. तो ‘किसल्या’ पंधरा वर्षं ऐकून घ्यायची तयारी आहे का, एवढंच बघा.

मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला नाव म्हणायला सांगा. आजीच्या तोंडी ‘ऊर्ज’चं ‘उर्जू’ झालं आणि ऐकायला बरं वाटलं तर नाव पक्कं समजा. परदेशात राहत असाल तर तिथल्या शेजाऱ्यालाही म्हणायला सांगा. ळ, ण, ध आणि जोडाक्षरं तिथे ठेचकाळतात. नीरद, मलय, हारीत सहज जातात.

पत्रिकेतल्या अक्षराचा हट्ट घरात असेल तर भांडू नका. प्रत्येक नक्षत्राच्या चार चरणांना चार अक्षरं असतात आणि हस्त नक्षत्राला आलेली अक्षरं आहेत पू, ष, ण, ठ. ण वरून नाव ठेवून दाखवा! म्हणूनच आपल्याकडे पत्रिकेतलं नाव वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं ठेवायची सोय पूर्वीपासून आहे. आत्याला कानात एक नाव सांगू द्या, पाळण्यावर दुसरं लिहा.

सहावं काम : आडनाव आणि कागदपत्रं

मराठी आडनावांत अर्धं जंगल आधीच बसलंय : मोरे, वाघ, कोल्हे, घारे, ससाणे, डोंगरे, पिंपळे, जांभळे. म्हणून मयूर मोरे, गिरीश डोंगरे अशी द्विरुक्ती होते आणि मृग वाघ म्हटलं की त्या हरणाची काळजी वाटते. आडनाव प्राण्याचं असेल तर नाव आकाशातून किंवा पाण्यातून घ्या. नीरद वाघ, नभस कोल्हे. चांगली वाटतात की नाही?

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. चारही एका दमात म्हणून बघा. पुनर्वसू अपर्णा चंद्रशेखर जांभळे हे म्हणता म्हणता फॉर्मची रांग संपते. बाकीची तीन लांब असतील तर मुलाचं नाव दोन-तीन अक्षरी ठेवा.

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्यात नाव तेव्हाच घालायची सक्ती नाही. नावाची जागा मोकळी असेल तर १२ महिन्यांपर्यंत शुल्क न भरता नाव घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. एवढी मुभा आहे म्हणून लांबवू मात्र नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. इंग्रजी स्पेलिंग त्याच दिवशी ठरवा आणि हारीतमधला दीर्घ ‘री’ दोन अक्षरांनी लिहायचा की एका, हे आईवडिलांनी एकाच कागदावर लिहून ठेवा. दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं झालं की पुढची धावपळ ठरलेली.

गोष्टीतल्या पात्राचं नाव असेल तर

इथे नियम उलटतात. मुलाला त्रास होणारं नाव टाळायचं असतं, पात्राला त्रास देणारं नाव मुद्दाम शोधायचं असतं. श्येनचं शेण झालेला मुलगा वर्गात कसा जगतो, यावर कथा उभी राहू शकते.

पहिला प्रश्न : याचं नाव कुणी ठेवलं? १९४०च्या सुमारास जन्मलेल्या मध्यमवर्गीय पात्राला वसंत, शरद, चंद्रकांत शोभतं. सत्तरच्या दशकातल्याला समीर, सागर, तुषार, पराग, मकरंद. १९५० साली मराठवाड्यातल्या शेतमजुराच्या घरी किंशुक जन्मला असं लिहाल तर वाचक थबकेल. त्याला उत्तर द्या : शाळेत नाव घालताना मास्तरांनी बदललं असेल. हे एक वाक्य गोष्टीत आलं की नाव पचतं आणि मास्तरही उभे राहतात. त्याच घरातलं खरं निसर्गातलं नाव हवं असेल तर दगडू, धोंडू. आधीची मुलं दगावलेली असली की पुढच्याला असं नाव ठेवत, काळाची नजर दगडावर कशाला पडेल म्हणून. आईची सगळी भीती त्या नावात असते आणि लेखकाला ती वेगळी सांगावी लागत नाही.

अद्भुतकथा लिहीत असाल तर संस्कृत सोडा. राजपुत्र मेघादित्य आणि ऋषी अरण्यानंद यांचा वाचकांना कंटाळा आलाय. मातीतले शब्द घ्या : कातळ, घळ, डोह, उधाण, वणवा, काजवा, पारंबी, चकवा, सडा. डोंगरातल्या टोळीचा म्हातारा कातळ, त्याचा तापट नातू वणवा, कुठेच न टिकणारा भटक्या वावटळ. समुद्रकाठची माणसं असतील तर कोकणातले वारे आहेत : समुद्रावरून येणारे खारे आणि जमिनीवरून सुटणारे मतलई. मतलई नावाचा तांडेल गोड बोलून पहाटे बंदर सोडणार, हे वाचकाला पहिल्या परिच्छेदातच वाटायला लागतं. एका टोळीची सगळी नावं एकाच थरातली ठेवा. कातळ, वणवा, घळ यांच्यात अचानक हिमांशु आला तर तो पाहुणा वाटतो. पाहुणाच असेल तर उत्तम.

आता लिहिताना हमखास नडणारी गोष्ट. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत. ‘वसंत आला’ यात ऋतू आला की माणूस, हे नुसत्या अक्षरांवरून कळत नाही. सागर नावाचा नायक किनाऱ्यावर उभा केलात आणि ‘सागर शांत होता’ लिहिलंत की गोंधळ झालाच. एकदा गंमत म्हणून चालतं, तीनशे पानं नाही. म्हणून जी वस्तू गोष्टीत सारखी येणार आहे तिचं नाव पात्राला देऊ नका. समुद्राच्या कथेत सागर नको, पावसाच्या कथेत मेघ नको.

विभक्तीचंही आधी ठरवा. अकारान्त नावं सरळ चालतात : नीरदला, नीरदने. ‘आ’ने संपणारी अडतात. पात्राचं नाव बहावा असेल तर ‘बहाव्याला’ की ‘बहावाला’? सामान्यरूप केलंत तर ते झाडासारखं वाटतं, न केलंत तर नाव म्हणून वेगळं उठून दिसतं. मी दुसरं निवडेन. कुठलंही निवडा, पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच ठेवा.

आणि अर्ध्यावर नाव बदलावंसं वाटलं, तर संगणकाला ‘सगळीकडे बदल’ असा हुकूम सोडू नका. मृगचा शार्दूल करायला गेलात तर मृगजळाचं शार्दूलजळ होतं आणि कस्तुरीमृगाचा कस्तुरीशार्दूल. एकेक जागा बघून बदला.